‘मूळचे कुठले?’ या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर कसे तयार करावे

विदर्भातल्या खेड्यात तीन पिढ्या काढलेल्या मुस्लिम कुटुंबालाही आठवडी बाजारात किंवा कचेरीत ‘तुमी मूळचे कुठचे जी?’ असे विचारले जाते, आणि ती साधी चौकशी आहे की संशय, हे ऐकणाऱ्याला स्वरावरूनच कळते. अशा वेळी पुष्कळजण बाहेरून आल्याचे लपवतात. तसे करू नये. कागद एक सांगतो व माणूस दुसरेच, ही तफावतच पुढे नडते.

प्रथम घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे बसावे. तिला सन विचारू नये, तो सहसा आठवत नाही. आजोबा कोणाकडे सालदार होते आणि गावात जन्मलेले पहिले मूल कोणते, हे विचारावे. त्या मुलाची जन्मनोंद कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीत) शोधावी आणि तहसील कार्यालयात नकलेसाठी अर्ज करावा. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर व जमिनीचे जुने फेरफारही (मालकीबदलाच्या नोंदी) पाहावेत.

खरी मेहनत नावांची असते. जुन्या नोंदीत ‘शे. रहीम वल्द शे. करीम’ (वल्द म्हणजे मुलगा) असते, आधारवर ‘शेख रहीम शेख करीम’ आणि शाळेत नुसते ‘रहीम शेख’. बायकांच्या नावापुढे कुठे ‘बी’, कुठे ‘जौजे’ (म्हणजे बायको) अमुक. ही सगळी रूपे एका तक्त्यात कागदनिहाय मांडावीत व ती एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे. मूळ नोंदीत स्वतः खाडाखोड करणे म्हणजे संशयाला आवतण देणे होय.

गावाचे नाव लिहिताना त्या काळची सीमाही नोंदवावी. आज मध्य प्रदेशात असलेल्या बुऱ्हाणपूरहून १९५६ पूर्वीच्या दशकांत वऱ्हाडात आलेल्या माणसाने प्रांताची हद्दसुद्धा ओलांडलेली नव्हती. दोन्ही मुलूख एकाच राज्यात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. त्याला परप्रांतीय म्हणणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसते.

अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य पुरेसे असते. इतर मागासवर्गीय दाखल्याला मात्र १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणून मोमीन, तांबोळी किंवा पिंजारी कुटुंबांनी त्या तारखेआधीचा निदान एक कागद आधी शोधावा आणि बाकीची जुळवाजुळव त्यानंतर हाती घ्यावी.