आरएक्स १०० चं हाफ इंजिन: पिस्टन कोणत्या मापाचा घ्यायचा, बोअर त्याला कसा जुळवायचा

हाफ इंजिन म्हणजे क्रँक न खोलता वरचा पिस्टन आणि ब्लॉक (सिलिंडर) नीट करणं. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे आज सोलापुरात फिरणाऱ्या बहुतेक गाड्यांचा ब्लॉक किमान एकदा तरी रिबोअर झालेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला असतो. म्हणून दुकानात जाऊन नुसता 'आरएक्सचा पिस्टन द्या' म्हणून भागत नाही. टू-स्ट्रोकमध्ये आधी पिस्टन हातात घ्यायचा, तो मापायचा आणि मग त्या मापावर बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ते ब्लॉकचं भोक) मारून घ्यायचा. हा क्रम उलटला की गाडी एक तर पकडते (पिस्टन बोअरमध्ये अडकतो), नाहीतर पहिल्या दिवसापासून पिस्टन वाजतो.

आधी जुना पिस्टन वाचा

हेड आणि ब्लॉक उतरवला की क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. जुना पिस्टन पुसू नका, आधी नीट बघा. इंजिन का गेलं ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ते कारण तसंच ठेवून नवा पिस्टन बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

- सायलेंसरच्या बाजूला उभे ओरखडे: ऑइल कमी पडलं किंवा इंजिन फार तापलं.
- चारही कोपऱ्यांवर ओरखडे: बोअर घट्ट मारला होता किंवा थंड इंजिन एकदम ताणलं.
- कार्ब्युरेटरच्या बाजूला स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) राखाडी, घासून मंद झालेला: धूळ आत गेली. एअर फिल्टर आणि त्याचा रबरी पाइप आधी तपासा. शेतातल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, पाइपाच्या एका चिरेतूनही आत शिरते.
- माथ्याला भोक किंवा वितळलेली कड: मिश्रणात पेट्रोल कमी, ठिणगीचं टायमिंग पुढे, किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा ओढली जातेय.

याच वेळी कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. तिथे खेळ जाणवला तर काम हाफ इंजिनाचं उरत नाही, क्रँक खोलावाच लागतो.

ब्लॉक मापा

आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा टप्प्यांत येतात. माप पिस्टनच्या माथ्यावर कोरलेलं असतं. आरएक्स १३५ चा पिस्टन ५८ मिमीचा, त्याचा इथे संबंध नाही.

बोअर डायल गेजने वर, मध्ये आणि खाली मापा. प्रत्येक ठिकाणी दोनदा: एकदा गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, एकदा तिला काटकोनात. पोर्टच्या खिडकीवर (भिंतीतल्या वायू आत-बाहेर जाण्याच्या भोकावर) गेज टेकवू नका, माप चुकतं. वर-खालचा फरक ०.०५ मिमीच्या पुढे गेला असेल तर रिबोअर हवाच, नुसत्या रिंगा बदलून उपयोग नाही.

ओरखड्यांचा हिशेब लोक चुकवतात तो इथे. ०.२५ ओव्हरसाइज म्हणजे व्यासात ०.२५, प्रत्येक भिंतीतून निघतं जेमतेम ०.१२५ मिमी. नख अडकेल असा खोल ओरखडा त्यात निघत नाही, तेव्हा ०.५० वर जावं लागतं. पण गरज नसताना जाऊ नका. '०.२५ संपलाय, ०.५० न्या, थोडं जास्त कापू' असं दुकानदार म्हणाला तर दुसरं दुकान बघा. एक टप्पा गेला की ब्लॉकचं एक आयुष्य गेलं. जास्त कापून ताकदही वाढत नाही: १.०० ओव्हरसाइजला ९८ सीसीचं १०२ होतं, इतकंच. १.०० संपल्यावर नवा लायनर (ब्लॉकच्या आतली नळी) ठोकून पुन्हा ५० वर यायचं.

पिस्टन निवडताना

डब्यात पिस्टन, दोन रिंगा, गजन पिन आणि दोन सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या क्लिपा) असावेत. रिंगांवरचा ओव्हरसाइज आकडा पिस्टनशी जुळतो का बघा. रिंगच्या खाचेतली बारीक पिन घट्ट बसलेली हवी. ती सैल झाली की रिंग फिरते, तिचं टोक पोर्टमध्ये अडकतं आणि तुटतं. गजन पिनला ऑइल लावून अंगठ्याने ढकला. ती जराशा जोराने आत जावी. आपोआप घसरली तर पिस्टन परत करा. रस्त्यावरच्या गाडीला साधा ओतीव पिस्टन पुरतो. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो आणि त्याला जास्त फट लागते.

लेथवाल्याकडे

अक्कलकोट रोड एमआयडीसीत बोअर मारायला टाकताना ब्लॉकसोबत पिस्टन द्यायचाच. पिस्टनचं माप घ्यायचं स्कर्टच्या तळापासून साधारण १० मिमी वर, गजन पिनच्या काटकोनात, मायक्रोमीटरने. व्हर्नियर इथे चालत नाही. समजा ०.२५ चा पिस्टन ५०.२१ भरला आणि डब्यातल्या कागदावर फट ०.०४ दिलीय, तर बोअर ५०.२५ हवा. कागद नसेल तर ओतीव पिस्टनला ०.०४ धरा. शेवटचे काही शतांश मिमी हॉनिंगने (बारीक दगडाने घासून) काढायला सांगा, म्हणजे भिंतीवर ऑइल धरणाऱ्या तिरप्या रेघा राहतात.

उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा. पिस्टन आणि ब्लॉक एकाच तापमानाला असताना मापा. उन्हात ठेवलेला पिस्टन १५ अंशांनी जास्त तापलेला असेल तर तो ०.०१५ मिमी मोठा भरतो, ०.०४ च्या फटीत हा तिसरा हिस्सा झाला. दोन्ही तासभर सावलीत शेजारी ठेवा.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. कड धारदार लागली तर ती हलकी मोडून घ्या, नाहीतर ती रिंग खाते. मग ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासून धुवा. पांढरं फडकं फिरवल्यावर काळं येईनासं होईपर्यंत धुवायचा, आणि लगेच ऑइल लावायचं.

बसवणं

रिंग एकटी बोअरमध्ये सोडा, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलर गेजने बघा. ०.१५ ते ०.३५ मिमी ठीक. रिंगवरचा मार्क वर, पिस्टनचा बाण सायलेंसरकडे. बाण उलटा झाला तर रिंगांची टोकं पोर्टवर येतात. निडल बेअरिंग नवीन टाका, सर्क्लिपही नवेच. सर्क्लिपचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका. हेडचे नट तिरपे, थोडे थोडे करत आवळा.

ऑइल पंपाच्या नळीतला हवेचा बुडबुडा पूर्ण काढल्याशिवाय किक मारू नका. नवे पिस्टन जळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पहिल्या टाकीत, पंप चालू असला तरी, पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिलि टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल वरून मिसळा.

पहिले ५०० किलोमीटर

इंजिन गरम होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीनदा करा आणि थंड असताना हेडचे नट पुन्हा आवळा. नंतर अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरच्या आत, वेग कमी-जास्त करत चालवा. मार्च ते मेमध्ये पहाटेच निघा. अक्कलकोटचा सपाट रस्ता चालेल, तुळजापूरचा घाट ५०० होईपर्यंत नको, डबलसीटही नको.

मध्येच प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका असेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक नंबर मोठा टाका. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण हलकं (पेट्रोल कमी) होतं, त्यामुळे जुन्या जेटवर आधी बरोबर येणारा रंग आता पांढरा येऊ शकतो.