परिवीक्षाधीन व्यक्तीकडून पुन्हा गुन्हा होण्याचा धोका कसा जोखावा

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ नुसार चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर, म्हणजे तुरुंगाऐवजी परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) सुटलेल्या नागपूरकराचे मूल्यांकन करताना परिवीक्षा अधिकाऱ्याने पूर्वीचे गुन्हे आणि पहिल्या गुन्ह्याच्या वेळचे वय आधी नोंदवावे. ते बदलत नाहीत. खरा वेळ द्यावा तो बदलू शकणाऱ्या गोष्टींना: बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतले काम टिकले आहे का, दारू सुटली आहे का, संध्याकाळ कोणाच्या संगतीत जाते, हे घरी जाऊन, आईशी किंवा पत्नीशी स्वतंत्रपणे बोलून पडताळावे. वस्ती किंवा जात पाहून धोका ठरवणे हा सरळ अन्याय आहे. कमी धोक्याच्या व्यक्तीला वारंवार हजेरीला बोलावल्यास तिची रोजंदारी बुडते आणि धोका उलट वाढू शकतो. नोकरी सुटताच किंवा घर बदलताच मूल्यांकन नव्याने करावे.