मोशन कॅप्चरचं कॅलिब्रेशन: नवीन मुलांसाठी थोडं

चालण्याचं विश्लेषण करणाऱ्या गेट लॅबमध्ये नवीन माणसाच्या हातात आधी वाँड, म्हणजे कॅलिब्रेशनची काठी, येते. काम रोजचं, त्यामुळे ते उरकून टाकायची सवयही लवकर लागते. ती लागू देऊ नका.

आधी नेमकं काय चाललंय ते समजून घ्या. मोशन कॅप्चर म्हणजे कॅमेऱ्यांनी माणसाची हालचाल टिपणं. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवती इन्फ्रारेड दिव्यांचं कडं असतं आणि माणसाच्या अंगावर चिकटवलेला छोटा चमकदार गोळा, म्हणजे मार्कर, तो प्रकाश आला तसाच परत पाठवतो. एका कॅमेऱ्याला फक्त मार्करची दिशा कळते. जागा ठरवायला किमान दोन कॅमेऱ्यांच्या रेषा एकमेकींना भेटाव्या लागतात. त्यासाठी प्रत्येक कॅमेरा कुठे आहे, कुठे बघतोय आणि त्याची लेन्स चित्र किती वाकवते, हे माहीत हवं. कॅलिब्रेशनमध्ये हेच काढतात.

कॅमेरे अर्धा-पाऊण तास आधी सुरू करा. तापताना ते किंचित प्रसरण पावतात, थंड कॅमेऱ्यांवर केलेलं कॅलिब्रेशन नंतर सरकतं. मग मार्कर बाजूला ठेवून रिकाम्या खोलीत काय चमकतंय ते बघा: बुटावरची पट्टी, स्टीलच्या खुर्चीचा पाय, गुळगुळीत फरशी, समोरच्या कॅमेऱ्याचे दिवे. सॉफ्टवेअर मास्क लावून हे सगळं झाकतं, पण मास्क लावलेल्या जागी कॅमेरा आंधळा होतो. तिथून खरा मार्कर गेला तरी त्याला दिसणार नाही. म्हणून खुर्ची उचला, पडदा ओढा, आणि जे हलवताच येत नाही त्यालाच मास्क लावा.

वाँडवरच्या मार्करमधली अंतरं सॉफ्टवेअरला माहीत असतात, मोजमापाची पट्टी तीच. ती इंग्रजी आठच्या आकारात, मनगट फिरवत हलवायची. शेवटी स्क्रीनवर ०.२ पिक्सेल अशी एरर दिसते आणि सगळे खूश होतात. पण वाँड जिथे फिरली तिथलीच ती एरर असते. छातीच्या उंचीवरच फिरवलीत तर आकडा सुंदर येईल आणि टाच टेकताना टाचेचा मार्कर मात्र थरथरेल. गेट लॅबमध्ये पावलं सगळ्यात महत्त्वाची, म्हणून खाली वाका, जमिनीलगत फिरवा, वॉकवेच्या दोन्ही टोकांपर्यंत जा. नंतर वाँड घेऊन सगळीकडे फिरा आणि सिस्टिम तिची लांबी किती दाखवते ते बघा. कोपऱ्यात ती मिलिमीटरभर बदलली तर पुन्हा करा, कुणी घाई करत असलं तरी.

ओरिजिन, म्हणजे मोजमापाचा शून्यबिंदू, ठरवताना एल-फ्रेम (मार्कर लावलेली एल आकाराची चौकट) फोर्स प्लेटच्या, म्हणजे जमिनीतल्या जोर मोजणाऱ्या पाटीच्या, कोपऱ्याला नीट चिकटवा. सत्तर किलोच्या माणसाचा जमिनीवरचा जोर सुमारे ७०० न्यूटन. ओरिजिन एक सेंटिमीटर सरकलं की मोमेंटमध्ये, म्हणजे सांध्याला फिरवणाऱ्या जोरात, ७ न्यूटन-मीटरची चूक. साध्या चालीत गुडघ्याचा मोमेंटच तीस-चाळीस न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना डॉक्टर असे रिपोर्ट बघतात, हे लक्षात ठेवा.

ट्रायपॉडला धक्का लागला की पुन्हा कॅलिब्रेट करायचं, यावर वाद नको.

घरी सराव करायचा असेल तर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी छापा, वेबकॅम घ्या आणि ओपनसीव्ही या मोफत सॉफ्टवेअरमध्ये झांग यांची कॅमेरा कॅलिब्रेशनची २००० सालची पद्धत चालवून बघा. चौकटी एकदा चित्राच्या मध्यावरच धरा, एकदा कोपऱ्यांपर्यंत न्या आणि दोन्ही वेळचे लेन्सचे आकडे शेजारी ठेवा.