थंड खाल्लं की कपाळात कळ, आणि माझं मायग्रेन

आईस्क्रीमचा मोठा घास घेतला की दोन भुवयांच्या मधोमध अशी सणक जायची की डोळे गच्च मिटून कपाळ धरून बसायचे, घरचे हसायचे पण मला खरंच सहन व्हायचं नाही. मायग्रेन आधीपासून आहेच, नंतर डॉक्टरांकडून कळलं की मायग्रेनवाल्यांना हे जास्त होतं. म्हणजे टाळूला एकदम गार लागलं की तिथल्या रक्तवाहिन्या आधी आकुंचन पावतात मग पसरतात, ट्रायजेमिनल नर्व्ह मेंदूला सिग्नल देते, आणि चेहऱ्याची नस पण तीच असल्याने दुखतं मात्र कपाळ! गंमतच आहे.

आता मी काय करते, घास छोटा, जिभेवर थोडा विरघळू देते, टाळूला लावतच नाही. आणि स्ट्रॉ बंद, त्याने गार पाणी थेट टाळूवर जातं. तरी कळ आलीच तर जीभ टाळूला दाबून धरायची किंवा कोमट पाण्याचा घोट, अर्ध्या मिनिटात उतरते. गार वाऱ्यात बाहेर पडताना टोपी कपाळापर्यंत ओढते, तिथेही हाच त्रास व्हायचा.

ही कळ काही मिनिटांत जाते हां, तासन्‌तास ठणकलं, मळमळलं, उजेड नको वाटला तर ते मायग्रेन, त्याची गोळी वेगळी.