गरब्यात हार्ट रेट किती चालतो? घड्याळ बाजूला ठेवा आणि आधी बोटांनी मोजा

नवरात्र जवळ आली की आमच्या पोळात (बडोद्यात गल्लीला पोळच म्हणतात) दरवर्षी हाच विषय निघतो, गरबा खेळताना ठोके किती झाले की थांबायचं. कोणी म्हणतं १५० च्या वर गेलात की संपलं, कोणी मनगट पुढे करून दाखवतं बघा माझे तर १८८ झालेले, काही झालं का मला?

गेल्या वर्षी मी स्वतः घाबरले होते. माझं वय ४६. तिसऱ्या रात्री त्रण ताळी (तीन टाळ्यांचा गरबा) जोरात चालू होती आणि घड्याळ बघते तर १८४! तिथेच बाजूला झाले, जीव घाबरा. वहिनीने माझ्या अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवली, १५ सेकंद मोजलं, ३७ आले. ३७ चोक १४८. म्हणजे घड्याळ चक्क ३६ ठोके जास्त सांगत होतं, कारण पट्टा घामाने सैल, वर बांगड्या घासतायत, आणि ही घड्याळं कातडीतून उजेड टाकून रक्ताची हालचाल वाचतात ना, त्यामुळे हात एका लयीत हलत असला की कधीकधी त्या लयीलाच ठोके समजून बसतात. मी टाळ्या वाजवत होते, घड्याळ टाळ्या मोजत होतं बहुतेक. तर घड्याळ घालायचंच असेल तर मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट, आणि बांगड्या दुसऱ्या हातात.

आता स्वतःचा आकडा कसा काढायचा ते सांगते. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, गादीवरच पडून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. तीन-चार दिवस मोजून सरासरी घ्या. मोठ्या माणसांत ६० ते १०० नॉर्मल धरतात, रोज पळणाऱ्यांची ६० च्या खाली पण असते. माझी ६८ आली. ही झाली आरामातली नाडी, पुढच्या गणितात ती येत नाही.

मग कमाल ठोके. सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र २२० वजा वय, म्हणजे माझे १७४. दुसरं एक २००१ मधलं आहे, २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचे, त्याने माझे १७६ येतात. बरोब्बर चाळिसाव्या वर्षी दोन्हीचं उत्तर सारखंच १८० येतं, त्यानंतर फरक वाढत जातो, ६२ वर्षांच्या आत्याला पहिलं सूत्र १५८ देतं आणि दुसरं १६५. पण ही दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत हं, एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत १०-१२ ठोके इकडे-तिकडे सहज असतात. म्हणून सूत्राच्या आकड्याच्या दोन ठोके वर गेलं की हार्ट अटॅक असं काही नसतं, आणि आकड्याच्या आत आहे म्हणून सगळं ठीक असंही नसतं.

अमेरिकन हार्ट असोसिएशन मध्यम व्यायामाला कमालच्या ५० ते ७० टक्के आणि जोरदार व्यायामाला ७० ते ८५ टक्के सांगते. माझ्यासाठी जोरदार म्हणजे १२२ ते १४८. वहिनीने मोजलेले १४८ बरोब्बर वरच्या टोकाला, मजा म्हणजे. सवय नसलेल्याने खालच्या टोकापासून सुरुवात करायची, ८५ टक्क्यांच्या वर मुद्दाम जाण्यात आपल्यासारख्यांना काहीच जास्तीचं मिळत नाही.

खेळताना कोण नाडी मोजत बसणार, तर तोंड वापरा. शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोरदार. एक शब्द पण निघत नाही, तर बाहेरच्या फेरीत या आणि हळू व्हा. मला तर हीच पद्धत घड्याळापेक्षा भरवशाची वाटते.

बीपीची किंवा हृदयाची मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर वरचं सगळं गणित विसरा, या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत, आकडा कमी दिसतो आणि माणूस पूर्ण दमलेला असतो. तुमची मर्यादा डॉक्टरच सांगणार. डायबिटीस, आधीचा हृदयाचा त्रास, घरात कोणाला लवकर अटॅक आलेला, यांनी पण आधी विचारा, गरज वाटली तर ते टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करायला लावतील.

खरी गडबड वेगळीच आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम पुरेसा, आणि आपण वर्षभर सोफ्यावर बसून मग नऊ रात्री रोज दोन-तीन तास उड्या मारतो, त्यातही उपवास, पाणी कमी, आणि बडोद्याचा उकाडा. अंगातलं पाणी कमी झालं की तेवढ्याच वेगाला ठोके जास्त पडतात. म्हणून सहा आठवडे आधी कमाटी बागेत भरभर चालायला लागा, मग मधे मधे एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, हळूहळू वाढवत. गरब्याच्या रात्री पहिली दहा मिनिटं संथ फेरी, आणि संपल्यावर धपकन बसायचं नाही, पाच मिनिटं चालायचं, नाहीतर रक्त पायात साठून चक्कर येते. थांबल्या थांबल्या नाडी मोजा, मिनिटाने परत मोजा, १२ पेक्षा जास्त उतरायला हवी. वारंवार तेवढी उतरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

ताप असेल त्या दिवशी खेळू नका, बस.

आणि छातीत दाब किंवा जडपणा, दुखणं हाताकडे जबड्याकडे जाणं, थंड घाम, डोळ्यापुढे अंधारी, ठोके वेडेवाकडे पडणं, यातलं काहीही झालं तर आकडा ११० असला तरी थांबायचं. गॅस झाला असेल म्हणून सोडा पीत बसू नका, १०८ लावा आणि तिथल्या स्वयंसेवकांना सांगा. स्वतः गाडी चालवत तर अजिबात निघू नका, गरब्याच्या रात्री पार्किंगमधून स्कूटर काढायलाच अर्धा तास जातो.