पुराची किशोर कादंबरी: आधी तक्ता, मग कथानक

पुरावरच्या किशोर कादंबऱ्या बहुधा मधल्या प्रकरणांत रेंगाळतात. पाणी चढलं, शेवटी बोट येणार हे ठरलं. मधल्या वेळात पोरं नुसती बोलत बसतात.

म्हणून लिहायला घेण्याआधी तासागणिक तक्ता करा. रकाने चार: पाणी कुठवर आलं, कोण कुठे आहे, प्यायचं पाणी किती उरलं, मोबाइलची बॅटरी किती. चढतं पाणी मीटरमध्ये नको, जिन्याच्या पायऱ्यांत मोजा. 'चौथी पायरी बुडाली' हे पंधरा वर्षांच्या मुलीला डोळ्यांनी दिसतं.

आकड्यांशी मात्र खेळू नका. जोरात वाहणारं पाणी 15 सेंटिमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, 30 सेंटिमीटरमध्ये छोटी गाडी वाहून जाऊ शकते. नायक छातीभर प्रवाहातून भावाला खांद्यावर घेऊन निघाला, की जाणता वाचक पुस्तक मिटतो. प्यायला माणशी दिवसाला साधारण 3 लिटर धरा. चौघं दोन दिवस गच्चीवर म्हणजे 24 लिटर; त्यांच्याकडे 10च ठेवा, भांडण लावायला वेगळा खलनायक लागत नाही. पुराचं पाणी फडक्यातून गाळून कुणाला पाजू नका. गाळल्याने गढूळपणा कमी होतो, जंतू तसेच राहतात.

सगळ्यात अवघड प्रश्न मोठ्या माणसांचा. आईवडिलांना पहिल्याच प्रकरणात मारलं, तर पुढचं पुस्तक पुराचं राहत नाही, शोकाचं होतं. त्यापेक्षा पूल बंद झाला, आई पलीकडे कामावर अडकली, फोन लागतो पण बॅटरी 9 टक्के. किंवा घरातलाच मोठा माणूस चुकीचा निर्णय घेतो आणि ते फक्त मुलीला कळतं. हे जास्त झोंबतं.

नायिकेला सगळंच येत असेल तर भीती उरत नाही. एकच कौशल्य द्या, ते पूर येण्याआधी दाखवा आणि ऐनवेळी एकदा फसू द्या. समजा, तिला गाठी मारता येतात. पण गुळगुळीत नायलॉनच्या दोरीवर साधी गाठ भार पडताच घसरते. त्या दोरीला बांधलेली, शेवटची बॅटरी असलेली पिशवी तिथेच जाऊ द्या.

बोट आली म्हणून संपवू नका. पाणी ओसरल्यावरच्या चिखलाला, सापांना, फुगलेल्या दारांना निदान दोन प्रकरणं हवीत. आणि घरात शिरल्या शिरल्या कुणी पंखा लावला असेल तर ती ओळ खोडा. वायरिंग अजून ओलं आहे.