जुन्या लॅपटॉपला नवी गती: आधी एसएसडी, मग रॅम

२०१३-१५ च्या सुमाराचा लॅपटॉप सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेत असेल, तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. पैसे एकाच गोष्टीसाठी असतील तर आधी एसएसडी घ्या, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क.

ती २.५ इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची), ७ मिमी जाडीची घ्या. जुनी डिस्क ९.५ मिमी असेल तर नवी खाचेत हलते. काही एसएसडींसोबत मिळणारी प्लॅस्टिकची चौकट लावा. बॅकअप घ्या. मग क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवता येते, पण नव्या एसएसडीची क्षमता जुनीपेक्षा कमी असेल तर आधी पार्टिशन (डिस्कचा विभाग) लहान करावं लागतं. त्यापेक्षा विंडोज नव्याने टाकलेलं बरं, जुना कचरा सोबत येत नाही.

रॅमसाठी (चालू कामाची तात्पुरती मेमरी) विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट (रॅम बसवायच्या खाचा) वापरात आहेत ते बघा. चौथ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपला डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची रॅम लागते. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणत १.५ व्होल्टची देईल. ती लावली तर बऱ्याचदा स्क्रीन काळीच राहते.

उघडण्याआधी चार्जर काढा, बॅटरी सोडवा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा. रॅम साधारण ३० अंशांत तिरकी सरकवून खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्‌ वाजल्या पाहिजेत. सोनेरी पट्टी दिसत राहिली तर ती नीट बसलेली नाही. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, कागदावर जागेनुसार चिकटवून ठेवा: लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की कीबोर्डवर फुगवटा येतो.